चाकांवरच्या घरातील पिण्याचे पाणी

शहरात राहणारा माणूस नळाची तोटी फिरवितो आणि पाणी पितो. ते पाणी कोठून आले, कोणी गाळले, त्यात क्लोरीन किती मिसळला, वाटेत नळ कोठे फुटला होता काय, याचा विचार तो करीत नाही. कारण तो विचार करण्यासाठी नगरपालिकेने माणसे नेमलेली असतात. हाच माणूस मोटारीच्या मागे घर जोडून रानावनाच्या वाटेने निघाला, की ही सर्व माणसे मागे राहतात. पाण्याचा साठा, नळ, पंप आणि सांडपाण्याची व्यवस्था तो आपल्याबरोबर घेऊन निघालेला असतो. प्रवासी ट्रेलर ही चाकांवरची एक छोटी नगरपालिकाच होय, आणि तिचा आरोग्याधिकारी ट्रेलरचा मालक असतो. त्या अधिकाऱ्याला आपले काम ठाऊक नसेल, तर त्याचा परिणाम प्रथम भोगावा लागतो तो बरोबरच्या लहान मुलांना व वृद्धांना.

अशा ट्रेलरमध्ये राहून सुटी घालविण्याची पद्धत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत व कॅनडात फार रुजलेली आहे. १९३६ साली बाजारात आलेल्या एअरस्ट्रीम कंपनीच्या ‘क्लिपर’ या ट्रेलरमध्ये झोपण्याच्या जागेबरोबर स्वतःचा पाणीसाठाही होता. तेव्हापासून ट्रेलरच्या सोयी वाढत गेल्या. परंतु त्या साठ्याबरोबर आलेला प्रश्न मूलतः तोच राहिला आहे. कोठेतरी भरलेले पाणी, बंद टाकीत, उन्हात, अनेक दिवस साठविलेले असताना पिण्यास योग्य कसे राखावयाचे?

ट्रेलरमधील पाण्याची रचना

साधारण ट्रेलरमध्ये तीन टाक्या असतात. पहिली ताज्या पाण्याची. दुसरी हातधुणी, मोरी व स्नानगृह यांतील सांडपाण्याची. आणि तिसरी शौचालयातील मैलापाण्याची. ताज्या पाण्याची टाकी बहुधा प्लॅस्टिकची असून तिच्यात शंभर ते दोनशे लिटर, मोठ्या ट्रेलरमध्ये त्याहूनही अधिक पाणी मावते. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा लहानसा पंप हे पाणी तोट्यांकडे ढकलतो. शिबिराच्या जागी नळ उपलब्ध असेल, तर तो नळीने थेट ट्रेलरला जोडण्यासाठी दुसरे एक तोंड असते. तेथून येणारे पाणी टाकीत न जाता सरळ तोट्यांना मिळते, आणि एकमार्गी झडप ते पंपाकडे जाऊ देत नाही.

या रचनेत दूषित होण्याच्या जागा चार आहेत: पाणी जेथून घेतले तो उगम, ते ज्या नळीतून आणले ती नळी, ज्या टाकीत साठविले ती टाकी, आणि टाकीपासून तोटीपर्यंतचे नळ. यांपैकी एक जागा बिघडली तरी उरलेल्या तीन जागांवर घेतलेले श्रम व्यर्थ जातात.

क्रेटर लेक येथील अनुभव

उगमाचे महत्त्व किती, याचे एक उदाहरण अमेरिकेतील ओरेगन संस्थानात १९७५ साली घडले. तेथील क्रेटर लेक हे सरोवर त्याच्या निळ्या व नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या भोवतीच्या राष्ट्रीय उद्यानात उन्हाळ्यात हजारो प्रवासी येतात. त्या वर्षी जूनमध्ये प्रवाशांना व उद्यानातील नोकरांना अतिसार होऊ लागला. शोध घेतला तेव्हा उद्यानाच्या पाणीपुरवठ्यात मैलापाणी मिसळत असल्याचे आढळले. आतड्यात विष निर्माण करणारा एशेरिकिया कोलाय या जंतूचा एक प्रकार या रोगास कारणीभूत होता. दोन हजारांहून अधिक प्रवासी व सुमारे दोनशे नोकर आजारी पडले, आणि जुलैमध्ये उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले.

हे पाणी दिसण्यात गढूळ नव्हते. डोंगरावरचे, थंड आणि चवीला गोड पाणी म्हणून ते लोकांनी निःशंकपणे प्याले होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाण्याची नितळता म्हणजे त्याची शुद्धता नव्हे. रोगजंतू इतके सूक्ष्म असतात की ते असंख्य असले तरी पाणी स्वच्छच दिसते. आणि वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, या समजुतीवर विसंबून राहता येत नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला काय मिसळले आहे, हे खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्याला दिसत नाही.

पाण्यातील शत्रू

पाण्यातून पसरणाऱ्या रोगजंतूंचे तीन वर्ग मानता येतात. जिवाणू हे पहिले. पटकी, विषमज्वर आणि काही प्रकारचे आमांश व अतिसार यांच्यामुळे होतात. दुसरे विषाणू; कावीळ उत्पन्न करणारा अ प्रकारचा यकृतशोथ यांच्यापैकी एकामुळे होतो. तिसरे आदिजीव, यांत जिआर्डिया व क्रिप्टोस्पोरिडियम ही दोन नावे प्रवाशाने विशेष ध्यानात ठेवावीत. हे आदिजीव जनावरांच्या व माणसांच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि कठीण कवचाच्या पुटीच्या रूपाने थंड पाण्यात दीर्घकाळ जिवंत राहतात.

हे तीन वर्ग क्लोरीनला सारखेच बळी पडत नाहीत. दर लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असेल, पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस व पीएच मूल्य ७.५ असेल, तर एशेरिकिया कोलायचा घातक प्रकार एका मिनिटाच्या आत निकामी होतो. अ प्रकारच्या यकृतशोथाच्या विषाणूस सुमारे १६ मिनिटे लागतात. जिआर्डियास सुमारे ४५ मिनिटे लागतात. क्रिप्टोस्पोरिडियमला मात्र सुमारे १५,३०० मिनिटे, म्हणजे साडेदहा दिवसांहून अधिक काळ लागतो! १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात याच आदिजीवाने नळाच्या पाण्यातून सुमारे चार लाख लोकांना आजारी पाडले. पाण्यात क्लोरीन होता. परंतु या शत्रूपुढे तो दुबळा ठरला.

पाणी भरताना

पिण्यायोग्य पाण्याचा, तपासणी होत असलेला सार्वजनिक नळ हा ट्रेलरच्या टाकीसाठी सर्वांत उत्तम उगम होय. ओढा, तळे किंवा अज्ञात विहीर यांचे पाणी टाकीत कधीही भरू नये. शिबिराच्या जागी मैलापाण्याची टाकी रिकामी करण्याच्या ठिकाणीही बहुधा एक नळ असतो. त्या नळाने लोक मैलापाण्याच्या नळ्या धुतात. त्या नळाचे तोंड अशा नळ्यांना लागलेले असण्याचा संभव असल्यामुळे, तेथे पाणी कितीही जोराने येत असले तरी ते पिण्यासाठी घेऊ नये. बहुतेक ठिकाणी तशी पाटीही लावलेली असते.

पिण्याच्या पाण्याची नळी निराळी असावी. बागेस पाणी घालण्याच्या साध्या नळीतील द्रव्ये पाण्यात उतरू शकतात. म्हणून पिण्याच्या पाण्यासाठी तयार केलेली नळीच वापरावी. काम झाल्यावर तिच्यातील पाणी निथळून काढावे, दोन्ही टोके एकमेकांस जोडावीत किंवा त्यांवर टोपणे लावावीत, आणि ती सांडपाण्याच्या नळीजवळ कधीही ठेवू नये. सांडपाण्याचे काम करताना घातलेले हातमोजे तसेच ठेवून ताज्या पाण्याच्या नळीस हात लावणे, ही वरवर क्षुल्लक वाटणारी चूक मोठ्या आजाराचे कारण होऊ शकते.

नळी जोडण्यापूर्वी नळाचे तोंड पुसून काही वेळ पाणी वाहू द्यावे. नळीचे टोक जमिनीवर टेकू देऊ नये, किंवा टाकीतील पाण्यात बुडवून ठेवू नये. याचे कारण भौतिकशास्त्रातील एका साध्या नियमात आहे. मुख्य नळातील दाब अचानक कमी झाला, तर बुडालेल्या टोकातून टाकीतले पाणी उलट दिशेने नळात ओढले जाते. अशा रीतीने एका ट्रेलरमधील घाण साऱ्या शिबिराच्या पाण्यात पोहोचू शकते. नळीचे टोक व पाण्याची पातळी यांत हवेचे अंतर ठेवल्याने, किंवा नळाला उलट प्रवाह रोखणारी झडप बसविल्याने हा धोका टळतो.

टाकीची शुद्धी

टाकीत काही दिवस पाणी राहिले, की तिच्या आतल्या पृष्ठभागावर जंतूंचा बुळबुळीत थर जमू लागतो. त्या थरात जंतू एकमेकांच्या आश्रयाने राहतात, आणि पाण्यातील थोडा क्लोरीन त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच खर्च होतो. म्हणून हिवाळाभर बंद ठेवलेला ट्रेलर पुन्हा वापरात आणताना, नवा ट्रेलर प्रथमच वापरताना, किंवा पाण्याला वास येऊ लागला असता, संपूर्ण व्यवस्था तीव्र क्लोरीनने धुऊन घ्यावी लागते.

यासाठी दर लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन, हे प्रमाण प्रचलित आहे. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण. त्याची तीव्रता ५ टक्के असेल, तर त्याच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन असतो. तेव्हा हिशेब अगदी सोपा होतो: टाकी जितक्या लिटरची, तितके मिलिलिटर ब्लीच. दोनशे लिटरच्या टाकीस दोनशे मिलिलिटर, म्हणजे सुमारे एक पेला. हल्ली अधिक तीव्र ब्लीचही मिळते. त्याची तीव्रता बाटलीवर पाहून मात्रा त्या मानाने कमी करावी. सुगंधी, रंगीत किंवा साबण मिसळलेले ब्लीच मुळीच वापरू नये.

कृती पुढीलप्रमाणे करावी. प्रथम टाकी व नळ यांतील जुने पाणी काढून टाकावे आणि पाणी गाळण्याच्या यंत्रातील गाळणी काढून ठेवावी. ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळावे व ते पाणी टाकीत ओतावे. नंतर टाकी स्वच्छ पाण्याने पूर्ण भरावी. पंप सुरू करून प्रत्येक तोटी, गरम व थंड दोन्ही बाजूंची, क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडी ठेवावी. फवाऱ्याची तोटी विसरू नये. याप्रमाणे नळांतही औषध पोहोचल्यावर व्यवस्था निदान चार तास तशीच बंद ठेवावी. मग सर्व पाणी काढून टाकावे आणि वास जाईपर्यंत टाकी एकदोनदा ताज्या पाण्याने खळबळून घ्यावी. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेले कोणतेही द्रव्य मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतात.

या चार तासांना अर्थ आहे. क्लोरीनचे कार्य त्याची मात्रा आणि संपर्काचा काळ यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. ५० मिलिग्रॅम व २४० मिनिटे यांचा गुणाकार १२,००० होतो. जिवाणू, विषाणू व जिआर्डिया यांच्यासाठी तो भरपूर आहे. परंतु वर दिलेल्या १५,३०० या आकड्याशी त्याची तुलना केली, तर इतकी तीव्र शुद्धीही क्रिप्टोस्पोरिडियमला पुरी पडत नाही, असे दिसून येईल. ओढ्याचे पाणी टाकीत भरून वर क्लोरीन टाकला म्हणजे झाले, असे मानणे किती चुकीचे आहे, हे या हिशेबावरून समजते.

हिवाळ्यासंबंधी एक स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. थंड प्रदेशांत नळांतील पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून त्यांत गोठणविरोधी द्रव भरतात. हा द्रव पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी तयार केलेला, प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असावा. मोटारीच्या इंजिनात घालतात तो बहुधा एथिलीन ग्लायकॉलचा असतो व तो विषारी आहे. तो या नळांत कदापि घालू नये.

संशयास्पद पाणी पिण्याची वेळ आली तर

कधीकधी प्रवाशापुढे खात्रीचे पाणी उरत नाही. अशा वेळी उपाय चार आहेत, आणि प्रत्येकाची मर्यादा निराळी आहे.

उकळणे हा यांतील सर्वांत विश्वसनीय उपाय होय. पाणी खळखळून उकळू लागल्यावर एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून अधिक उंचीवर तीन मिनिटे, उकळत ठेवावे. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी कमी तापमानास उकळते. तीन हजार मीटरवर ते सुमारे ९० अंशांनाच उकळू लागते. रोगजंतू तेवढ्या उष्णतेनेही मरतात. जादा वेळ ही केवळ सावधगिरी होय. या उपायाने तिन्ही वर्गांचे जंतू नष्ट होतात.

क्लोरीन हा दुसरा उपाय. ५ ते ६ टक्के तीव्रतेच्या ब्लीचचे दोन थेंब दर लिटर पाण्यात टाकावेत व अर्धा तास थांबावे. पाण्याला क्लोरीनचा मंद वास आला पाहिजे. न आल्यास तेवढीच मात्रा पुन्हा देऊन आणखी वाट पाहावी. पाणी गढूळ असेल तर ते आधी निवळू द्यावे व स्वच्छ फडक्यातून गाळावे, कारण गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. गढूळ किंवा अतिशय थंड पाण्यास मात्रा दुप्पट द्यावी. ब्लीच साठवणीत दुर्बळ होत जाते. म्हणून वर्षाहून जुनी बाटली या कामी वापरू नये.

गाळणी हा तिसरा उपाय. एक मायक्रॉनपर्यंतचे कण खात्रीने अडविणारी गाळणी आदिजिवांना रोखते. परंतु विषाणू तिच्यातून सहज पार होतात. कोळशाची गाळणी पाण्याची चव सुधारते, क्लोरीनही काढून टाकते. मात्र ती जंतूंना मारीत नाही. म्हणून ती टाकीच्या आधी बसवू नये. क्लोरीन काढून घेतलेले पाणी टाकीत साठविणे म्हणजे पहारेकरी काढून घेऊन कोठाराचे दार उघडे ठेवणे होय. तिची योग्य जागा शेवटी, पिण्याच्या तोटीजवळ आहे.

अतिनील किरण हा चौथा उपाय. स्वच्छ पाण्यात तो परिणामकारक ठरतो. परंतु पाण्यात गढूळपणा असेल तर कणांच्या सावलीत जंतू सुरक्षित राहतात. शिवाय किरणांचा प्रभाव पाण्यात मागे उरत नाही, क्लोरीनचा उरतो.

आणि एक मर्यादा या सर्व उपायांना समान आहे. नायट्रेट, शिसे, कीटकनाशके यांसारखी रासायनिक द्रव्ये उकळल्याने किंवा क्लोरीनने जात नाहीत. उकळताना पाणी आटते, तेव्हा त्यांचे प्रमाण उलट थोडे वाढते. असा संशय असलेले पाणी टाकून देऊन दुसरे मिळविणे हाच मार्ग होय.

भारतातील प्रवाशासाठी

फिरत्या घरातून प्रवास करण्याची कल्पना भारतातही येऊ लागली आहे. महाराष्ट्र व केरळ या राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनासंबंधी आपापली धोरणे जाहीर केली. परंतु फिरत्या साठ्यातील पाणी सुरक्षित राखण्याचा प्रश्न या देशात नवा नाही. पंढरीच्या वारीला पाणी पुरविणारा टँकर, यात्रेतील तंबू, लष्कराचा तळ, बांधकामावरची वस्ती, या सर्वांचा प्रश्न तोच आहे. म्हणूनच या बाबतीतील एक जुनी व सोपी युक्ती येथे सांगण्यासारखी आहे.

ब्रिटिश लष्करातील वैद्यकीय अधिकारी विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी एक पेटी भारतात सार्वजनिक आरोग्याच्या कामी दीर्घकाळ वापरली गेली आहे. तिच्यात एक काळा पेला, सहा पांढरे पेले आणि दोन ग्रॅम ब्लीचिंग पावडर मावेल असा चमचा असतो. काळ्या पेल्यात एक चमचा पावडरीचे द्रावण करतात. पांढऱ्या पेल्यांत तपासावयाचे पाणी भरून पहिल्यात या द्रावणाचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, याप्रमाणे सहाव्यात सहा थेंब घालतात व ढवळतात. अर्ध्या तासाने प्रत्येकात स्टार्च व आयोडाइड यांचे द्रावण टाकले, की ज्या पेल्यांत क्लोरीन शिल्लक असेल त्यांत निळा रंग दिसतो. निळा रंग स्पष्टपणे दाखविणारा पहिला पेला तिसरा असेल, तर ४५५ लिटर पाण्यास तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर लागेल.

या पेटीतील तत्त्व महत्त्वाचे आहे. प्रत्येक पाण्याची क्लोरीनची भूक निराळी असते. ती भागल्यावर जो उरतो, तोच अवशिष्ट क्लोरीन पुढे संरक्षण करतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा निदान ०.५ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन दर लिटरमागे असावा लागतो. रंगावरून तो मोजण्याची लहान साधने बाजारात मिळतात. असे साधन जवळ बाळगणाऱ्या प्रवाशाला अंदाजावर विसंबावे लागत नाही. ब्लीचिंग पावडरीविषयी एवढेच सांगावयाचे, की ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. परंतु हवा, ऊन व ओल यांनी तो झपाट्याने कमी होतो. ती घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या व कोरड्या जागी ठेवावी.

ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

१. हंगामाच्या आरंभी टाकी व नळ यांची क्लोरीनने शुद्धी करावी.
२. पाणी केवळ पिण्यायोग्य, खात्रीच्या नळावरून, स्वतंत्र नळीने भरावे. आधी ताजे पाणी भरावे व मगच सांडपाण्याचे काम हाती घ्यावे.
३. प्रवास संपला की टाकी रिकामी करावी. उन्हात उभ्या असलेल्या ट्रेलरमधील जुने पाणी पुढच्या प्रवासासाठी जपून ठेवू नये.
४. टाकीच्या पाण्याविषयी थोडीही शंका आली, तर ते धुण्यासाठी वापरावे, आणि पिण्यासाठी व दात घासण्यासाठी उकळलेले पाणी घ्यावे. बर्फाचे खडेही त्याच पाण्याचे करावेत.
५. संशयास्पद पाणी प्यावयाचे असल्यास, इंधन असेल तोवर उकळणे हाच पहिला उपाय समजावा.

पाणी शुद्ध करण्यासाठी लागणारी साधने थोडी, स्वस्त व कोठेही मिळण्यासारखी आहेत. कठीण आहे ती नियमितता. नगरपालिकेतील माणसे आपले काम रोज करतात, म्हणूनच शहराचे पाणी सुरक्षित राहते. चाकांवरच्या घराच्या मालकानेही हे काम तितक्याच नियमितपणे केले पाहिजे. मग त्याच्या टाकीतील पाणी शहरातील नळाच्या पाण्याइतकेच विश्वासाचे राहील.